एकशे बारा पावलं

आमच्या घरातल्या प्रत्येक मुलाला शाळेत जायच्या आधीच एकशे बारा हा आकडा येतो. शंभरापर्यंत मोजता येत नसलं तरी हा येतो. मला आला, माझी धाकटी बहीण रीमाला आला, आता डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या तिच्या मुलींनाही येतो. गावच्या झऱ्याच्या दगडी कुंडापासून खरनूबच्या झाडाकडे एकशे बारा पावलं. तिथे तीन दगडांखाली माझी आत्या फिद्दा. वय अकरा महिने.

गाव ऐन-जौजा, सीमेपलीकडे, गलीलच्या डोंगरात. आम्ही समुद्रकाठी, रशिदियेच्या निर्वासित छावणीत. नकाशावर सरळ रेघ मारली तर आमच्या दारापासून त्या कुंडापर्यंत एकतीस किलोमीटर भरतात. मी ती रेघ बऱ्याचदा मारली आहे.

लढाईत गाव रिकामं झालं तेव्हा बाबा सात वर्षांचे होते. आजी त्यांना आणि फिद्दाला घेऊन चार दिवस जवळच्या दरीत लपून राहिली. चौथ्या दिवशी फिद्दा तापाने गेली. आजी तिला दरीत ठेवायला तयार होईना. दिवस मावळताना ती गावाच्या कडेपर्यंत परत गेली आणि खरनूबखाली तव्याने माती उकरली. बाबांनी कुंडाच्या पडक्या भिंतीतले दगड एकेक करून वाहिले. तिसरा दगड आणायला ते निघाले तेव्हा आजी म्हणाली, "येताना पावलं मोज. पंधरा दिवसांनी परत आलो की जागा सापडायला हवी."

त्या पंधरा दिवसांना आता सत्तर वर्षं होत आली. माझ्या लहानपणी रेडिओवर कुठे वाटाघाटी सुरू झाल्या की आई छपराची डागडुजी थांबवायची. आता निघायचंच तर खर्च कशाला, म्हणायची. त्यामुळे आमचं छप्पर सगळ्यात जास्त गळायचं ते आशेच्या वर्षांत.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात नाइफाचा निरोप आला. नाइफा बाबांच्या चुलतभावाची मुलगी, नासरेतच्या इस्पितळात नर्स आहे. तिचे वडील सीमेच्या आतच राहून गेले. गाव त्यांचंही गेलं, पण त्या देशाचे कागद त्यांना मिळाले. म्हणून ती गाडी काढून ऐन-जौजाला जाऊ शकते; आम्ही नाही. गावावर नंतर लावलेलं पाइनचं जंगल आता तोडणार होते. तिथून रस्ता जाणार होता. खुंट्या ठोकून झाल्या होत्या आणि काम रविवारी सुरू होणार होतं.

बाबा ऐकून एवढंच म्हणाले, "रविवारी." मग दिवसभर ते आठवड्याचा वार विचारत राहिले.

तीसेक वर्षांपूर्वी नाइफाच्या वडिलांनी ती जागा एकदा शोधली होती. कुंडापासून एकशे बारा पावलं चालून ते सपाट कातळावर पोहोचले. तिथे पहार चालली नसती, तवा तर सोडाच. दगड कुणीतरी हलवले असतील, झाड तोडलं असेल, असं म्हणून आम्ही सगळ्यांनी स्वतःची समजूत घातली.

मला आधी सुचलं नाही याची लाज वाटते. मी छावणीतल्या शाळेत विज्ञान शिकवते. सहा इयत्तांना मोजमाप शिकवते. पण नाइफाचा निरोप येईपर्यंत ही पावलं कुणाची, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. बाबा माझ्या आठवणीत कायम मोठेच होते, त्यामुळे त्यांची पावलंही मोठी. आणि जिथे कधी पाऊल ठेवायला मिळणार नाही त्या जागेतलं अंतर कुणी लांबी म्हणून धरत नाही. ते तोंडपाठ करायचं असतं, कुराणातल्या आयतीसारखं.

दुसऱ्या दिवशी मी दुसरीच्या वर्गातली सात वर्षांची तीस मुलं पटांगणात आणली, प्रत्येकाच्या हातात एक विटेचा तुकडा दिला आणि दहा पावलं चालायला लावलं. सरासरी पाऊल चव्वेचाळीस सेंटिमीटर. एकशे बाराने गुणलं की एकोणपन्नास मीटर अठ्ठावीस सेंटिमीटर. मोठ्या माणसाच्या पावलांनी हेच अंतर चौऱ्यांशी मीटर होतं. नाइफाचे वडील पस्तीस मीटर पुढे निघून गेले होते.

हे मी रीमाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "ताई, सत्तर वर्षांत एकालाही सुचलं नाही? आपण मूर्ख आहोत का गं?"

"मूर्ख नाही," मी म्हटलं. "आपण फक्त पाठ केलं."

बुधवारी सकाळी दहाला नाइफा तिथे पोहोचणार होती. दोन देशांत वैर आहे, त्यामुळे इथून थेट तिकडे फोन लागत नाही, आणि लावणं गुन्हाही आहे. म्हणून असे फोन आम्ही रीमाकडून करतो. ती डेन्मार्कच्या आरहूसमध्ये एका फोनवर आम्हाला घेते आणि त्याच फोनवर नाइफाला. कायद्याच्या नजरेत हे काय ठरतं ते मी कधी विचारलेलं नाही. मी फक्त खिडकी बंद केली. फोन दोनदा चार्ज केला होता, तरी ब्याण्णव टक्के दिसत होते. साडेदहाला वीज जायची वेळ होती. जनरेटरची लाइन घेतलेली होती, पण ती लागायला कधी दोन मिनिटं लागतात, कधी वीस.

बाबांनी दाढी केली होती आणि कोट घातला होता. मी झातरचा मसाला लावलेली भाकरी पुढे ठेवली.

"खाऊन घ्या बाबा."

"आल्यावर खातो," ते म्हणाले.

मी भाकरी झाकून ठेवली. हल्ली ते मला कधी कधी आजीच्या नावाने हाक मारायचे. गेल्या आठवड्यात कॉफीत दोनदा साखर घालून ती कडू म्हणून परत केली होती. आकडा विसरले तर म्हणून मी तो कागदावर लिहून खिशात ठेवला होता. जणू तो आमच्यापैकी कुणी विसरू शकलं असतं.

दहा वाजून चार मिनिटांनी पडद्यावर आधी रीमाचा चेहरा आला, मग हिरवं काहीतरी हललं आणि नाइफाचा बूट दिसला.

"काका, सलाम! दिसतंय का?"

"बूट दिसतोय तुझा," बाबा म्हणाले. "चांगला आहे. गाव दाखव."

"दाखवते. आधी धाप टाकू द्या, चढ आहे."

"चढ नाही तो. आम्ही पाण्याचे हंडे घेऊन पळायचो तिथे."

"तुम्ही पळायचात, मी बावन्न वर्षांची आहे आणि रात्रपाळी करून आलेय."

रीमा हसली. बाबा हसले नाहीत. ते पडद्याच्या इतके जवळ गेले होते की त्यांच्या श्वासाने काच धूसर झाली. मी त्यांच्या कोटाच्या बाहीने ती पुसली.

कुंड होतं. अर्धं मातीत होतं, पण गोल कडा दिसत होती आणि एका बाजूला दोरीने पडलेल्या खाचा. बाबांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि लगेच मागे घेतलं. नाइफाने बांधकामाची लांब टेप आणली होती. तिचं टोक तिने कुंडाच्या कडेवर दगडाखाली दाबलं.

"कुठल्या दिशेला?"

"कुंडाकडे पाठ कर," बाबा म्हणाले. "डोंगराची खाच दिसते का, उंटाच्या पाठीसारखी? तिकडे."

ती चालत गेली. टेपचा कर्रकर्र आवाज येत राहिला. तीस, पस्तीस, चाळीस. तिच्या पायांखाली पाइनची सुकी पानं होती, मग काटेरी झुडपं. ती पुटपुटत शिव्या देत होती आणि मध्येच "माफ करा काका" म्हणत होती.

"एकोणपन्नास," ती म्हणाली. "आणि अठ्ठावीस."

फोन खाली वळला. लाल फीत बांधलेली खुंटी. आजूबाजूला खडी. झाड नाही, बुंधा नाही, दगड म्हणावे असे तीन दगडही नाहीत.

"मुलांच्या पावलांत फरक असतो," मी म्हटलं. माझा आवाज वर्गातल्यासारखा येत होता. "सहा मीटर अलीकडे आणि सहा मीटर पलीकडे बघ. आणि दोन्ही बाजूंना."

तिने बघितलं. काठीने झुडपं बाजूला केली, पायाने खडी सरकवली. सात मिनिटं गेली. दहा वाजून एकवीस. फोन शहाऐंशी टक्के.

"नाहीये गं हनादी," नाइफा म्हणाली. "खरंच नाहीये."

"अजून थोडं पुढे—"

"थांबव तिला," बाबा म्हणाले.

ते पडद्यापासून मागे सरले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, वर्गात पकडलेल्या मुलासारखे.

"एकशे बारा नव्हती," ते म्हणाले.

नाइफाची काठी थांबली.

"अठ्ठ्याहत्तरपर्यंत मोजलं होतं. तेवढं पक्कं आहे. मग वरच्या रस्त्यावर गाडीचा आवाज झाला. आई म्हणाली, खाली बस. मी दगड पोटाशी धरून बसलो. मग रांगत गेलो. रांगताना कसं मोजणार?"

"मग एकशे बारा कुठून आलं बाबा?" रीमाने विचारलं.

"रात्री दरीत आईने विचारलं, किती झाली? मला वाटलं लहान आकडा सांगितला तर ती म्हणेल जागा फार जवळ आहे, ते लोक तिला शोधून काढतील. म्हणून मोठा सांगितला. मला तेव्हा येणारा सगळ्यात मोठा. ती रोज रात्री म्हणायची तो आकडा. मग तुझी आई म्हणायला लागली. मग तुम्ही. मला वाटायचं, परत गेलो की झाड बघून मला कळेल, आकडा लागणारच नाही. मग सांगायची वेळच आली नाही."

मी खिशातला कागद बोटांनी दाबला. राग आला नाही. मनात फक्त एक गणित उलट चालू लागलं. अठ्ठ्याहत्तर गुणिले चव्वेचाळीस, चौतीस मीटर बत्तीस. त्याच्या पुढे, पण किती पुढे? सात वर्षांचं मूल दगड घेऊन किती रांगतं, हे मी मोजलेलं नव्हतं.

"नाइफा, मागे ये," मी म्हटलं. "चौतीसपासून बघ, चाळीसपर्यंत."

"येते, पण—" आणि ती थांबली. फोनवर पुरुषाचा आवाज आला, हिब्रूत, चढा. नाइफाने हिब्रूतच उत्तर दिलं. तिचा आवाज इस्पितळातला झाला, सपाट आणि सभ्य. त्यातले दोन शब्द मला कळले: इस्पितळ आणि नासरेत. मी खिडकीकडे पाहिलं. ती बंदच होती.

त्याच वेळी बाहेरून शेजारची उम्म वाजिह ओरडली, "हनादी! पाणी आलंय का गं तुमच्याकडे?"

"नाही!" मी ओरडले आणि फोनचा आवाज कमी केला.

नाइफा हळूच अरबीत म्हणाली, "शेजारच्या वसाहतीतला म्हातारा आहे. बदामाची बाग याची. विचारतोय, टेप घेऊन काय मोजतेस."

मग फोनजवळून अरबीच ऐकू आली. आमची नव्हे, बगदादची, जड आणि घशातली. "अगं मुली, अरबीत बोल ना मग! मला काय कळत नाही? कोण आहे फोनवर?"

रीमा घाईने म्हणाली, "नाइफा, फोन ठेव. ताई, ठेवू?"

तो म्हातारा कुणाला काय सांगेल, तिकडे नाइफाचं काय होईल, इथे आमचं काय होईल, याची यादी माझ्या डोक्यात क्रमाने तयार झाली. मी फोनकडे हात नेला. बाबांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हातात अजून इतका जोर आहे हे मला माहीत नव्हतं.

"मी बोलतो," ते म्हणाले. "सलाम अलैकुम. मी इद्रीस. या गावचा."

पडद्यावर टोपीखालचा सुरकुतलेला चेहरा आला. त्याने डोळे बारीक केले.

"कुठून बोलतोस?"

"डेन्मार्कहून," रीमा म्हणाली.

"डेन्मार्कमध्ये भिंतीला असली ओल धरत नाही," म्हातारा म्हणाला. तो आमच्या मागची भिंत बघत होता. "असू दे. मी विचारलंच नाही. वय काय तुझं?"

"सत्त्याहत्तर."

"मग लहान आहेस. मी एक्क्याऐंशी. हेस्केल. काय हरवलंय?"

बाबांनी सांगितलं. थोडक्यात सांगितलं, दरी, ताप, तवा, दगड. आकड्याबद्दल बोलले नाहीत. हेस्केल काठीवर रेलून ऐकत होता. मग त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि परत घातली.

"किती आहात तुम्ही?" त्याने विचारलं.

"कोण?"

"तुम्ही. या गावचे. आज."

"आमच्या घरातलेच दोनशे चार," बाबा म्हणाले. "गावाचे तेव्हा सहाशे होते. आताचा हिशोब तूच कर."

"तो हिशोब करतो म्हणूनच मला झोप येत नाही. तुला वाटतं मी तुझ्या बहिणीला घाबरतो? तिच्यामागे जे उभे आहेत त्यांना घाबरतो. एक दगड तुझा म्हटला की दुसरा कुणाचा, तिसरा कुणाचा. मी चौदा वर्षांचा असताना इथे आलो. तंबूत राहिलो, पत्र्याखाली राहिलो. इथलं झाडन् झाड मी लावलंय. मी कुठे जाऊ? बगदादला?"

"जा की. मी अडवलंय?"

"माझं घर तिथे आहे अजून. भाच्याने फोटो पाठवला. खाली मोबाइलचं दुकान आहे. मला नको ते."

"तुला नको हे तू ठरवलंस ना?" बाबा म्हणाले. "मग मला हवं की नको हे मला ठरवू दे. मी तुझी बदामं मागायला आलेलो नाही. रविवारी तिच्यावरून गाडी जाणार आहे, हेस्केल."

खोली एकदम अंधारी झाली. वीज गेली होती. पंखा मंदावत थांबला. फोन ब्याऐंशी टक्के, पण राउटर बंद. मी मोबाइलचं नेट चालू केलं. चित्र गोठलं, हेस्केलचं तोंड अर्धं उघडं. मी सेकंद मोजत राहिले. चौदाव्याला आवाज परत आला.

"—ऐकतोयस ना? तीन दगड म्हणालास. ओळीत?"

"ओळीत. मधला काळा."

हेस्केलने नाइफाला काहीतरी खुणावलं. पडदा हलू लागला. झुडपं, आकाश, त्याची काठी, पुन्हा झुडपं. टेप तिथेच जमिनीवर पसरलेली होती, आणि तो तिच्या कडेने कुंडाकडे परत येत होता. मग डावीकडे वळला, चार-पाच पावलं. काठीने काटे दाबून धरले.

तीन दगड होते. मधला काळा. त्याच्यापुढे काचेचे छोटे पेले, काही फुटलेले, तळाशी मेणाचा पिवळा थर.

बाबांच्या तोंडून आवाज आला, पण तो शब्द नव्हता.

"आम्ही आलो तेव्हा झाड होतं," हेस्केल म्हणाला. तो आता हळू बोलत होता. "माझ्या आईने पाहिलं आणि म्हणाली, हे कुणातरी संताचं ठिकाण आहे. कुणी तिला काही सांगितलं नव्हतं. तिनेच ठरवलं. माझ्या बहिणीला मूल होत नव्हतं, म्हणून आई दर शुक्रवारी दिवा लावायची. मग मूल झालं. मग काय, आमच्या वसाहतीतल्या बायका यायला लागल्या. झाड वाळलं तेव्हा तोडलं, पण दगडांना हात लावला नाही. मी नांगर वळवून न्यायचो. आता बायका मेल्या. शेवटचा पेला माझाच असेल."

रीमा रडत होती. मला ते ऐकू येत होतं, पण मी तिच्याकडे पाहिलं नाही. मी नाइफाला म्हटलं, "अंतर घे." शास्त्र शिकलेल्या माणसाचं हे वाईट असतं. तिने टेप सरळ तिथे आणली. अडतीस मीटर चाळीस.

"आता नीट ऐक," हेस्केल म्हणाला. "तुझ्या या मुलीने कचेरीत जाऊन सांगितलं की इथे अरबाची कबर आहे, तर अर्ज होईल, पुरावा मागतील. अर्ज परत येईपर्यंत रस्त्यावर डांबर पडलेलं असेल. पण आमच्यात कबरींचं पाहणारे कट्टर धार्मिक लोक आहेत, काळ्या टोप्यांचे. त्यांना मी सांगितलं की इथे संत आहे, माझ्या आईने चाळीस वर्षं दिवा लावला, तर ते बुलडोझरपुढे आडवे पडतील. मला ते आवडत नाहीत, पण आडवे छान पडतात."

"मग सांग त्यांना," रीमा म्हणाली.

"सांगेन. पण मग ती तुमची नाही. तिला नाव नाही. कुणी येऊन फातिहा वाचायचा नाही, फोटो नाही, पाटी नाही. आमचा संत. कायमचा. कबूल?"

नाइफा हळूच म्हणाली, "काका, दुसराही मार्ग आहे. मी आज संध्याकाळी येते, नासरेतच्या शेखला घेऊन. हाडं काढून आमच्या कबरस्तानात नेऊ. नावाचा दगड लावू. तिथे कुणी अडवणार नाही."

मला वाटलं बाबा लगेच हो म्हणतील. मी असते तर म्हटलं असतं. कबरस्तान, नाव, दगड, जाऊन येणारी नाइफा. यातलं काही चुकण्यासारखं नव्हतं.

बाबा उठून उभे राहिले. खोली तीन मीटर लांबीची आहे. ते भिंतीपर्यंत गेले आणि परत आले.

"दोनशे चार जणांपैकी," ते म्हणाले, "एकटीच तिथे राहिलीय. आम्ही सगळे निघालो, ती नाही निघाली. तिलाही बाहेर काढू? तेही स्वतःच्या हाताने?"

ते पुन्हा फोनसमोर बसले.

"हेस्केल."

"बोल."

"ती तुझा संत होऊ दे. पाटी नको. पण तिला नाव नाही असं म्हणू नकोस. तिचं नाव फिद्दा. अकरा महिन्यांची होती. वरचे दोन दात आले होते, मला चावायची. लोकांसमोर तिला तुला हवं ते म्हण. पण तिथल्या एका माणसाला तरी ती कोण आहे हे माहीत असलं पाहिजे."

हेस्केलने तोंड वळवलं. फक्त त्याचा कान आणि टोपी दिसत होती.

"हे नाव तू मला सांगायला नको होतंस," तो म्हणाला.

"सांगितलं."

"मी वचन देत नाही. त्यांनी ऐकलं तर ऐकलं. आणि तू मुली, टेप गुंडाळ आणि जा. दोनला सर्वेवाले येतात."

फोन संपला तेव्हा दहा वाजून त्रेपन्न मिनिटं झाली होती. बाबांनी भाकरी खाल्ली नाही.

मधले तीन दिवस मी शाळेत कसं शिकवलं ते मला आठवत नाही. बाबा मला पुन्हा पुन्हा एकच विचारत होते. "मी तेव्हा चुकीचं सांगितलं. आताही चुकीचं सांगितलं का? नेऊ द्यायला हवं होतं का नाइफाला?" मी म्हणायचे, माहीत नाही. ते खरं होतं. हेस्केलने नाव मनावर घेतलं की त्याला त्याची भीती वाटली, त्या काळ्या टोप्यांनी ऐकलं की हाकलून दिलं, यातलं काही इथून मोजता येत नव्हतं. नाइफाला पुन्हा तिकडे पाठवायचं आमचं धाडस नव्हतं.

रविवारी सात वाजता तिकडे काम सुरू होणार होतं. आठ वाजले, नऊ वाजले. मी रीमाला फोन केला नाही, तिने मला केला नाही. दोघींनाही आधी बोलायचं नव्हतं. बाबा दारात खुर्ची टाकून दक्षिणेकडे तोंड करून बसले होते. तिथून संत्र्यांची बाग आणि नाकूऱ्याचं समुद्रात घुसलेलं टोक दिसतं, त्यापलीकडे काही दिसत नाही.

बारा वाजून दहा मिनिटांनी रीमाकडून फोटो आला. नाइफाने आपणहून जाऊन रस्त्यावरून, गाडी न थांबवता काढला होता, त्यामुळे तिरका. पिवळं यंत्र उभं होतं. पाइन पडले होते, बरेच. पण काटेरी झुडपांचा तो कोपरा तसाच होता, आणि त्याच्याभोवती नारिंगी फीत. लाल खुंट्या पलीकडे सरकल्या होत्या. फितीवर कागद लटकत होता. नाइफाने मोठा करून वाचला आणि खाली लिहून पाठवला: तपासणी होईपर्यंत काम स्थगित, मुदत नव्वद दिवस.

त्याच्याखाली तिने आणखी लिहिलं होतं. म्हातारा पुढे रस्त्यावर उभा होता, त्याने गाडी थांबवली, कुणाला दिसू नये म्हणून टायर बघायचं नाटक केलं आणि एकच विचारलं. ती गेली तो दिवस कुठला? दिवा त्या दिवशी लावायचा असतो.

मी ते बाबांना वाचून दाखवलं.

"तारीख माहीत नाही," ते म्हणाले. "आम्हाला कुठे तारीख होती. ऑलिव्ह झाडावर काळे झाले होते आणि कुणी उतरवले नव्हते. त्याला सांग, ऑलिव्ह उतरवायला सुरुवात होते तो आठवडा."

मी ते लिहून रीमाला पाठवलं. लिहिताना मनात मोजलं. नव्वद दिवस जूनमध्ये संपतात. ऑलिव्ह उतरतात ऑक्टोबरमध्ये. हे मी बाबांना सांगितलं नाही. नंतर वाटलं, त्यांनाही मोजता येतं.

त्यांनी काठी घेतली आणि उठले. "अडतीस मीटर किती असतात?"

"अडतीस मीटर चाळीस," मी म्हटलं. शाळेची टेप घरातच होती. मी आमच्या दारापासून गल्लीत मापलं. ते अंतर उम्म वाजिहच्या पाण्याच्या टाकीपाशी संपत होतं. तिथे मी खडूने रेघ ओढली.

उम्म वाजिह दारात आली. "काय गं, गल्ली विकायला काढली का?"

"चालायला सांगितलंय बाबांना," मी म्हटलं.

बाबा दारातून निघाले. त्यांची पावलं आता लहान पडतात, घसटत जातात. मी नजरेने अंदाज घेतला, पंचेचाळीस सेंटिमीटर असतील, फार तर. ते मोठ्याने मोजत होते. गल्लीत मुलं खेळत होती, ती बाजूला झाली. साठ, एकसष्ट. सत्तर. जनरेटरचा आवाज होता, तरी मला प्रत्येक आकडा ऐकू येत होता.

अठ्ठ्याहत्तरला ते थांबले. रेघ अजून थोडी पुढे होती. त्यांनी काठी दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

"चला बाबा," मी म्हटलं. "एकोणऐंशी."